मुंबई–नागपूर दीड तासात : नवशिक्यांसाठी मार्गदर्शिका

सर्वप्रथम शहरे निवडावीत. दोन लागतात. शहरातल्या शहरात विमानाने जाता येत नाही. संध्याकाळी सहा वाजता घाटकोपरहून गोरेगावला निघालेल्या माणसाला ही सोय असावी असे फार वाटते, पण ती या मार्गदर्शिकेच्या कक्षेबाहेर आहे.

शहरे फार जवळची नसावीत, नाहीतर विमान वर चढून होण्याआधीच उतरायची वेळ येते. फार लांबचीही नसावीत, कारण मग मध्ये जेवण येते, झोप येते, शेजारचा माणूस स्वतःच्या मुलाचे पॅकेज सांगतो आणि प्रवास केल्यासारखे वाटू लागते. नवशिक्याला मुंबई–नागपूर ही जोडी बरी. एक राजधानी, दुसरी उपराजधानी. १९५३च्या नागपूर करारामुळे हिवाळी अधिवेशनासाठी मंत्री, सचिव, फायली आणि स्वीय सहायक असा सगळा लवाजमा या दोन शहरांत ये-जा करतो, तेव्हा हा मार्ग शासनमान्य आहे असे समजायला हरकत नाही. त्या दिवसांत तिकिटाचा भाव विचारू नये.

साहित्य : एक तिकीट, एक ओळखपत्र, आणि सात किलोची एक पिशवी, जी घरच्या काट्यावर सात आणि विमानतळाच्या काट्यावर आठ भरते. बाकीचे साहित्य, म्हणजे संयम, नागपूरला पोहोचेपर्यंत संपते. तो जास्तीचा घ्यावा, त्याला वजनाची मर्यादा नाही.

अंतर काढण्याची रीत

मुंबई–नागपूर अंतर किती, असे विचारल्यास चार उत्तरे मिळतात. रेल्वेने ८३७ किलोमीटर. समृद्धी महामार्गाची लांबी ७०१ किलोमीटर. हवेतून सुमारे ६८०. चौथे उत्तर 'एका झोपेचे' असे आहे. ते विदर्भ एक्सप्रेसच्या जुन्या प्रवाशांचे असून चारांत सर्वाधिक विश्वासार्ह तेच.

आपला संबंध तिसऱ्याशी. हवाई अंतर म्हणजे पृथ्वीच्या गोल पाठीवरून दोन बिंदूंना जोडणारी सर्वांत आखूड रेषा. मुंबई आणि न्यूयॉर्कमध्ये ही रेषा भिंतीवरच्या नकाशावर भलतीच उत्तरेकडे वाकलेली दिसते. मुंबई–नागपूरमध्ये तसले काही होत नाही. शाळेची फूटपट्टी नकाशावर ठेवावी आणि पेन्सिल ओढावी. ही रेषा छत्रपती संभाजीनगरच्या जवळजवळ माथ्यावरून जाते, पुढे लोणारला तीसेक किलोमीटर उजवीकडे टाकते, कारंजा लाडच्या थोडे वरून निघते आणि वर्धा उजव्या हाताला ठेवून सोनेगावच्या विमानतळावर टेकते. विमान या रेषेवरून जात नाही, पण त्याकडे आपण नंतर वळू. विमानही नंतरच वळते.

हे अंतर सांगणारी यंत्रे ते दोन दशांश स्थळांपर्यंत सांगतात. दशांश स्थळांनी दबून जाऊ नये. 'मुंबई' हा बिंदू नेमका कोणता, हे त्यांना विचारून पाहावे. कुलाब्याहून मोजले तर एक आकडा येतो, मुलुंडहून मोजले तर वीस-पंचवीस किलोमीटरने कमी येतो, आणि दोघेही मुंबईकर असतात. त्यात डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईच्या विमानतळावरूनही विमाने उडू लागली आहेत. तिथून नागपूर पंधराएक किलोमीटरने जवळ पडते. हे पंधरा किलोमीटर विमानाचे वाचतात. तुमचे वाचतात की चाळीस वाढतात, हे तुम्ही बेलापूरला राहता की बोरिवलीला यावर अवलंबून आहे. तिकिटावर कोणते विमानतळ छापले आहे ते दोनदा वाचावे, दुसऱ्यांदा मोठ्याने, घरच्यांसमोर.

अंतर काढायला आज एक बोट पुरते म्हणून त्याला स्वस्त समजू नये. १८०२ मध्ये विल्यम लॅम्ब्टन नावाच्या सैनिकाने मद्रासजवळ सेंट थॉमस माउंटपाशी हिंदुस्थान मोजायला घेतला. पहिली आधाररेषा साडेसात मैलांची होती आणि शंभर फुटी साखळीने ती मोजायला ५७ दिवस लागले. दिवसाला सरासरी सात साखळ्या. तिथून अर्धा टन वजनाचा, कोन मोजायचा थिओडोलाइट माणसांच्या खांद्यांवर देऊन, त्रिकोणाला त्रिकोण जोडत, तो उत्तरेकडे सरकत राहिला. वीस वर्षांनी, जानेवारी १८२३ मध्ये, नागपूरकडे जाताना हिंगणघाटला त्याचा मृत्यू झाला. त्याची कबर तिथेच आहे. म्हणजे नागपूरला पोहोचायला उशीर होणे ही परंपरा विमानांच्या बरीच आधीची आहे. सेंट थॉमस माउंटच्या शेजारी आज चेन्नईचे विमानतळ आहे. तिथून निघालेले विमान नागपुरात उतरेपर्यंत लॅम्ब्टनच्या माणसांची एखादी साखळी ताणून झाली असती.

त्याच मोजणीची आठवण म्हणून नागपुरात झिरो माईलचा दगडी स्तंभ उभा आहे, सोबत चार घोडे. देशाचा मध्यबिंदू हाच, असे नागपूरकर सांगतात. पाहुण्याने वाद घालू नये. ज्या गावात सगळ्या अंतरांची सुरुवात शून्यापासून होते, तिथे बाहेरून आणलेला ६८० हा आकडा कोणी मनावर घेत नाही.

वेळ काढण्याची रीत

या मार्गावर बहुधा एअरबस ए३२० जातीचे विमान असते. वर स्थिरावल्यावर ते ताशी ८३० किलोमीटरच्या आसपास जाते. भागाकार करावा. उत्तर पन्नास मिनिटांच्या आत येते. आता तिकीट पाहावे. तिथे दीड तास लिहिलेला असतो, कधी पाच मिनिटे वर.

मधली चाळीस मिनिटे गेली कुठे, हा नवशिक्याचा पहिला खरा प्रश्न, आणि या विषयाचे बहुतेक सगळे मर्म तिथेच आहे.

तिकिटावरची वेळ आकाशातली नसते. विमानाच्या चाकांना लावलेले ठोकळे मुंबईत काढले की घड्याळ सुरू होते आणि नागपुरात ठोकळे लावले की थांबते. कंपन्या याला ब्लॉक टाइम म्हणतात. त्यामुळे तुम्ही खिडकीतून सांताक्रूझचे गवत पाहत बसलेले असता तेव्हाही, कागदोपत्री, नागपूरला निघालेले असता. गवत बराच वेळ पाहावे लागते. मुंबईच्या या विमानतळाला धावपट्ट्या दोन आहेत, पण त्या एकमेकींना छेदतात, म्हणून एका वेळी एकच वापरता येते. त्या एकीवर दिवसाला नऊशेहून अधिक विमाने उतरतात आणि उडतात. तुमच्या पुढे रांगेत पाच-सहा विमाने असतील तर त्यात नवल नाही, ती मोजावीत, वेळ जातो. रांगेत कोणी घुसत नाही, एवढाच मुंबईच्या इतर रांगांपेक्षा फरक.

आपला नंबर आला. विमान धावते, उडते, आणि पश्चिमेला जाते. नागपूर पूर्वेला आहे. नवशिके इथे हमखास घाबरतात आणि बोर्डिंग पास पुन्हा काढून पाहतात. घाबरू नये. विमानाला वाऱ्याच्या समोर तोंड करून उडावे लागते, मुंबईत वारा बहुतेक दिवस समुद्रावरून येतो, म्हणून नागपूरचे विमान आधी जुहू–वर्सोव्यावरून अरबी समुद्रात शिरते आणि मग मागे वळते. एवढ्यात तुमच्या ६८० किलोमीटरांत थोडी भर पडलेली असते. ती भर कोणत्याही यंत्राने सांगितलेली नसते.

मग चढण. ३५ हजार फुटांवर जाईपर्यंत साधारण दोनशे किलोमीटर संपतात, म्हणजे खाली शिर्डी–श्रीरामपूरचा परिसर आलेला असतो. उतरणीचा हिशेब वैमानिक तोंडी करतात : दर हजार फुटांना तीन सागरी मैल. ३५ त्रिक १०५ सागरी मैल, म्हणजे जवळजवळ १९५ किलोमीटर. नागपूरच्या मागे १९५ किलोमीटर मोजले की कारंजा लाडचा परिसर येतो. तेव्हा श्रीरामपूरला चढण संपली आणि कारंजाला उतरण लागली. ज्या ताशी ८३०च्या भरवशावर आपण भागाकार केला, तो वेग मधल्या पावणेतीनशे-तीनशे किलोमीटरांपुरता, वीस-बावीस मिनिटे. तेवढ्या वेळात १८० प्रवाशांपर्यंत चहा आणि सँडविच पोहोचवायचे असते. सोळाव्या रांगेच्या मागे बसणाऱ्याने चहा घरून पिऊन निघावे.

(जाता जाता : या प्रवासात अंतर सागरी मैलांत, उंची फुटांत, वेग नॉटमध्ये, धावपट्टी मीटरमध्ये आणि तुमची पिशवी किलोत मोजली जाते. आसनापुढची जागा इंचांत मोजतात आणि ती तेवढीच असते.)

एवढे करूनही दीड तास भरत नाही. उरलेली मिनिटे कंपनीने आधीच गाठीशी बांधलेली असतात. वेळापत्रकापेक्षा पंधरा मिनिटांपर्यंत उशीर झाला तरी विमान 'वेळेवर' धरतात, आणि वेळापत्रक मुळातच सैल शिवलेले असते. म्हणून अर्धा तास उशिरा निघालेले विमान कधीकधी दहाच मिनिटे उशिरा पोहोचते आणि वर घोषणा होते की आम्ही वेळेत आलो. टाळ्या वाजवू नयेत. त्या मिनिटांचे पैसे तुम्हीच दिलेले आहेत.

वाऱ्याचा विचार ज्याला पुढे जायचे आहे त्याने करावा. हिवाळ्यात उत्तर आणि मध्य भारताच्या वर, विमानांच्या उंचीवर, पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचा वारा वाहतो. नागपूरला जाताना तो पाठीशी असतो, परतताना तोंडावर. म्हणून डिसेंबरात परतीच्या प्रवासाला पाच-दहा मिनिटे जास्त लागू शकतात. अधिवेशन आटोपून परतणाऱ्यांना ती जड वाटत असतील तर दोष वाऱ्याचा आहे. पावसाळ्यात वरचे वारे उलटे फिरतात आणि हिशेबही फिरतो. आणखी एक : पूर्वेकडे जाणारी विमाने विषम हजारांवर उडतात, ३३, ३५, ३७, पश्चिमेकडे जाणारी सम हजारांवर. वैमानिकाने उंची जाहीर केली की तुम्ही योग्य दिशेने चालला आहात याची खात्री करून घेता येते. समुद्र पाहून ज्यांचा धीर सुटला असेल त्यांना याचा उपयोग व्हावा.

परतीचे विशेष

मुंबईला येणारे विमान मुंबईला येते, पण लगेच उतरत नाही. कारण तीच ती एक धावपट्टी. वाट पाहायची झाली तर विमान हवेत थांबू शकत नाही, म्हणून ते लांबट गोल फेऱ्या मारते. दोन वळणे एकेका मिनिटाची, दोन सरळ बाजू एकेका मिनिटाच्या, म्हणजे एक फेरी चार मिनिटांची. शेजारच्याला फेऱ्या मोजून दाखवाव्यात, त्याला बरे वाटते. पुरेसे इंधन असेल का, हा प्रश्न मोठ्याने विचारू नये. असते. पर्यायी विमानतळापर्यंत जाऊन वर अर्धा तास घिरट्या घालता येतील एवढे इंधन नियमानेच घ्यावे लागते.

उतरताना विमानतळ आपलेच आहे ना, हे पाहावे. ही सूचना अतिरेकी वाटेल, पण सप्टेंबर १९७२ मध्ये एका जपानी कंपनीचे मोठे डीसी-८ विमान सांताक्रूझ समजून जुहूच्या छोट्या धावपट्टीवर उतरले आणि धावपट्टी संपल्यावरही काही वेळ जातच राहिले. जुहू ते सांताक्रूझ हे हवाई अंतर इतके कमी आहे की त्यात चूक करायला खरे तर वाव नाही. तरीही.

एक जुनी पळवाट

वेळ वाचवण्याचा एक खात्रीचा उपाय १९५५ पर्यंत उपलब्ध होता. भारतीय प्रमाणवेळ १९०६ मध्ये लागू झाली, पण मुंबईने आपली स्वतःची वेळ त्यानंतरही जवळजवळ पन्नास वर्षे धरून ठेवली. ती प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटे मागे होती. आजचे विमान त्या घड्याळावर चालवून पाहावे. नागपूरहून सकाळी दहाला निघालात, प्रवास एक तास पस्तीस मिनिटांचा, मुंबईत उतरलात तेव्हा नागपूरच्या घड्याळात ११.३५ आणि मुंबईच्या घड्याळात १०.५६. छप्पन्न मिनिटांत मुंबई! जाताना मात्र हाच हिशेब सव्वादोन तासांच्या घरात जातो, पण जाहिरात नेहमी परतीची करावी.

यात अगदीच फसवणूक नव्हती. दोन शहरांच्या रेखांशांत सहा अंशांहून थोडे जास्त अंतर आहे आणि एका अंशाला सूर्य चार मिनिटे घेतो. नागपूरच्या माथ्यावर सूर्य येतो त्यानंतर पंचवीसेक मिनिटांनी तो मुंबईच्या माथ्यावर येतो. ६८० किलोमीटर पंचवीस मिनिटांत. ए३२०ला हे जमत नाही.

मध्यरात्रीचे नागपूर

नागपूर हे पोहोचण्याचे ठिकाण आहे, असा समज करून नवशिका निघतो. चोवीस वर्षे ते विमानांच्या दृष्टीने निव्वळ एक मधला बिंदू होते, आणि त्या काळात या अंतराचा जेवढा नेटका उपयोग झाला तेवढा पुढे कधी झालेला दिसत नाही.

जानेवारी १९४९ मध्ये रात्रीचे हवाई टपाल सुरू झाले. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास इथून रात्री एकेक विमान निघायचे, सुरुवातीला डाकोटा. मध्यरात्रीच्या सुमारास चारही सोनेगावला जमायची. नागपूरपासून मुंबई ६८० किलोमीटर, दिल्ली ८५०, मद्रास ९००, कलकत्ता ९८०च्या आसपास. नकाशावर यापेक्षा सोयीचा चौक शोधून सापडत नाही. धावपट्टीलगत टपालाच्या थैल्यांची अदलाबदल व्हायची, मद्रासची थैली दिल्लीच्या विमानात, दिल्लीची मुंबईच्या, आणि मग प्रत्येक विमान आले त्याच गावी परत. दिल्लीत संध्याकाळी पेटीत पडलेले पत्र दुसऱ्या दिवशी मुंबईत वाटपाला तयार असे. पुढे रफी अहमद किडवई दळणवळणमंत्री असताना अशी पत्रे जादा आकार न घेता विमानाने जाऊ लागली. थैल्यांबरोबर थोडे प्रवासीही असत. त्यांना मध्यरात्री सोनेगावला उतरून, पाय मोकळे करून, विमान बदलून पुढे जावे लागे.

ताशी पावणेतीनशेच्या आसपासच्या वेगाने डाकोटाला मुंबईहून नागपूर गाठायला अडीच तास लागत. एका विमानाला उशीर झाला की चार शहरांची पत्रे खोळंबत, म्हणून वेळ पाळणे भागच होते. ही सेवा १९७३ मध्ये बंद झाली. त्यानंतर एवढी विमाने एकमेकांची वाट पाहत सोनेगावला थांबलेली नाहीत. आता माणसे थांबतात.

प्रत्यक्ष कृती

गृहीत धरू की विमान सकाळी साडेनऊचे, टर्मिनल दोनवरून आहे आणि तुम्ही डोंबिवलीला राहता. डोंबिवली एवढ्यासाठी, की मुंबईहून विमानाने जाणाऱ्यांत मुंबईबाहेर राहणारे फार असतात.

पावणेसहाला घर सोडावे. लोकलने घाटकोपर, हे अंतर तीसेक किलोमीटर. तिथे मेट्रो एक पकडून मरोळ नाका, तिथे भुयारात उतरून मेट्रो तीन, आणि एकच स्थानक पुढे टर्मिनल दोन. टर्मिनल एक त्याच्या पुढे दोन स्थानकांवर आहे. चुकून तिकडे गेलेल्याला दोन टर्मिनलांतले हवाई अंतर नगण्य असल्याचा काही उपयोग होत नाही. टॅक्सीने जायचे असल्यास पावणेसहाऐवजी पाचला निघावे आणि वाटेत चालकाशी पावसाबद्दल बोलावे.

साडेसातला दारावर. ओळखपत्र, चेहरा, पिशवी, पट्टा, बूट, लॅपटॉप बाहेर, लॅपटॉप आत, पट्टा पुन्हा कमरेला. या टप्प्यात अंतर शून्य आणि वेळ भरपूर. मग फाटकापर्यंतची चाल. टर्मिनल दोनमध्ये भिंतींवर कलाकृती मांडल्या आहेत, त्या पाहत गेल्यास पाय कमी दुखतात. फाटक उड्डाणाच्या पंचवीस मिनिटे आधी बंद होते, पण त्याआधी ते बदलते. बदललेले फाटक नेहमी दुसऱ्या टोकाला असते. याला शास्त्रीय आधार नाही, प्रवाशांचा अनुभव आहे.

आसन कोणते घ्यावे? उजवीकडची खिडकी घेतली तर आकाश निरभ्र असल्यास लोणारचे विवर दिसण्याची आशा असते, आणि सकाळचे ऊन नक्की डोळ्यांवर येते. डावीकडे सावली आहे, विवर नाही. मधले आसन घेऊ नये, ते मिळते.

अकरा वाजून पाच मिनिटांनी नागपूर. सामानाच्या पट्ट्यापाशी वीस मिनिटे. नागपूरची मेट्रो विमानतळाच्या नावाचे स्थानक बाळगून आहे, पण ते वर्धा रोडवर आहे आणि तिथवर जायची सोय आपली आपण पाहावी. मेट्रोने गेलात तर सीताबर्डीच्या पुढचे स्थानक झिरो माईलचे. धरमपेठेत काकाजींकडे जायचे असेल तर ऑटो बरा. त्यांच्या घरी पोहोचेपर्यंत बारा.

आता शेवटचा भागाकार. पावणेसहा ते बारा, सव्वासहा तास. ६८० भागिले सव्वासहा, ताशी १०९ किलोमीटर. समृद्धी महामार्गावर मोटारींना १२०ची मर्यादा आहे. जून २०२५ मध्ये इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा सुरू झाल्यापासून समृद्धीचे मुंबईकडचे तोंड भिवंडीजवळ आमण्याला आहे, आणि डोंबिवलीकराला आमणे टर्मिनल दोनपेक्षा जवळ पडते. सरकारी हिशेबाने हा रस्ता आठ तासांचा. म्हणजे विमानाने वाचले पावणेदोन तास, आणि मोटार चालवणाऱ्याने कुठे चहा प्यायला नाही असे नाही, उलट विमानातल्यापेक्षा चांगला प्यायला. रात्रीच्या दुरांतोने ८३७ किलोमीटर जाणाऱ्याचा तर हिशेबच वेगळा. त्याचे बरेचसे अंतर झोपेत जाते आणि झोपेचे तास कोणी प्रवासात धरत नाही. ज्याला नागपुरात दुपारचे एकच काम उरकून रात्री परत यायचे आहे त्याने विमानाने जावे. इतरांनी का जावे, याचे एकच प्रामाणिक कारण आहे आणि ते पुढच्या परिच्छेदात उपयोगी पडते.

धरमपेठेत पोहोचल्यावर पाणी येते, मग काकाजी येतात आणि विचारतात, "कितीक वेळ लागला मग?" इथे डोंबिवली, घाटकोपर, मरोळ नाका, सांताक्रूझचे गवत यांतले काही आठवू नये. 'दीड तास' म्हणावे. सहज म्हणावे, घड्याळाकडे न पाहता. तिकिटाचे पैसे या दोन शब्दांसाठीच मोजलेले असतात आणि ते आत्ताच वसूल व्हायचे असतात. काकाजी मान डोलावतील आणि म्हणतील, "आमचा पिंटू तर समृद्धीनं साडेपाच तासांत येते." ७०१ भागिले साडेपाच हा भागाकार तोंडी करता येतो आणि उत्तर मर्यादेच्या वर जाते, पण ते उत्तर आपल्यापाशी ठेवावे, आणि पाटोडीचा रस्सा आणखी मागून घ्यावा.